हातची जागा आणि पुढचे वर्ष

ज्या गावात वाडीवाडीतून कोणाचा ना कोणाचा जमिनीचा दावा रत्नागिरीच्या न्यायालयात पिढ्यानपिढ्या चालत आलेला असतो, आणि म्हणून वकील हा माणूस वैद्याइतकाच घरोब्याचा असतो, अशा आमच्या पावसमध्ये एखाद्या घरच्या मुलाला किंवा मुलीला कायद्याच्या अभ्यासक्रमात जागा मिळाल्याचे वर्तमान आले म्हणजे आनंदीआनंद व्हावा, हे स्वाभाविक. परंतु पुष्कळदा घडते ते असे, की राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची यादी लागून मोबाईलवर महाविद्यालयाचे नाव उमटल्याबरोबर पहिला तासभर पेढ्यांचा विचार होतो, आणि दिवेलागणीला ओटीवर जमलेल्या चार वडीलधाऱ्यांत असा वाद उपस्थित होतो, की ही जागा घ्यावी, की ती सोडून पुढील वर्षी पुन्हा परीक्षा देऊन अधिक नावाजलेल्या महाविद्यालयाची वाट धरावी. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये, असे एकजण म्हणतो. साऱ्या जन्माचा प्रश्न आहे, एका वर्षाने काय बिघडते, असे दुसरा म्हणतो. दोघांचेही म्हणणे ऐकायला बरे वाटते, आणि दोघांच्याही म्हणण्यात समोर बसलेल्या मुलाविषयी एक अक्षरही नसते.

रत्नागिरीच्या न्यायालयात उमेदीची वर्षे घालवून आता गावी राहणाऱ्या माझ्यासारख्याकडे अशी मंडळी सल्ल्याला येतात, आणि येताना बहुधा निर्णय मनाशी ठरवूनच येतात. मी त्यावर शिक्कामोर्तब करावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. मी मात्र मुलाला, त्याच्या बापाला नव्हे, इतकेच विचारतो, की बाबा रे, एका वर्षाने नेमके काय पालटणार आहे, ते मला नाव घेऊन सांग. 'अभ्यास जास्त करीन' हे उत्तर मी दाखल करून घेत नाही, कारण तो संकल्प गेल्या वर्षीही झालेलाच होता. 'परीक्षेच्या आठवड्यात मला कावीळ झाली होती', 'पसंतीक्रमाच्या अर्जात मी चारच महाविद्यालये भरली', 'जातवैधतेचा दाखला मुदतीत हाती आला नाही, म्हणून राखीव जागेचा हक्क गेला', ही उत्तरे दाखल करून घेण्याजोगी आहेत. कारण दोष कोणता, तो कोठे आहे आणि तो काढता येईल की नाही, हे त्यांवरून कळते. दोष दाखवता आला आणि तो काढण्याचा उपाय आपल्या हाती असला, तर थांबण्यात अर्थ आहे. तो दाखवता येत नसेल, तर मिळालेले गुण हेच आपले आजचे बळ, असे धरून चालावे.

आमच्या भागात या प्रश्नाला एक पदर असा आहे, की जो पुण्यामुंबईच्या शिकवणीवाल्यांच्या कधी ध्यानी यायचा नाही. राज्याची ही परीक्षा होते ती उन्हाळ्यात, म्हणजे हापूसची तोडणी चालू असताना. ज्या घरी शंभर-दीडशे कलमे आहेत तेथला मुलगा पहाटे झेला घेऊन बागेत असतो, दुपारी पडवीत बसून आंब्यांची प्रतवारी लावतो, रात्री पेंढा घालून पेट्या भरतो, आणि वाशीचा टेम्पो रवाना झाल्यावर पेंगुळल्या डोळ्यांनी तर्कक्षमतेचे प्रश्न सोडवायला बसतो. अशा मुलाला मिळालेले गुण हे त्याच्या बुद्धीचे माप नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु पुढील वर्षीही आंबा त्याच दिवसांत तयार होणार आहे, हेही तितकेच खरे. तेव्हा अशा घरी मी मुलाला सोडून बापाकडे वळतो. 'अप्पा, येत्या एप्रिलात पोराला बागेतून मोकळा ठेवाल काय? त्याच्या जागी आणखी एक नेपाळी गडी ठेवावा लागेल. त्याच्या पगाराची तजवीज आहे काय?' या प्रश्नावर अप्पांनी चटकन आकडा सांगितला, तर थांबण्याचा विचार करण्यास हरकत नाही. अप्पा पानाचा डबा उघडून पावसाविषयी बोलू लागले, तर मुलाने मिळालेली जागा घ्यावी.

याच्याही आधी एक साधा हिशेब मांडला पाहिजे, आणि आश्चर्य असे, की तो मांडणारी घरे फार थोडी. कायद्याच्या पदवीला दोन वाटा आहेत: बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, आणि कोणत्याही शाखेच्या पदवीनंतरचा तीन वर्षांचा. आता जो मुलगा पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातील बऱ्या महाविद्यालयासाठी एक वर्ष घरी थांबतो, तो बारावीपासून सहा वर्षांनी पदवीधर होतो; आणि जो मुलगा गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात बी. ए. किंवा बी. कॉम. करून नंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम घेतो, तोही सहा वर्षांनीच होतो. पहिल्याच्या हाती त्या थांबलेल्या वर्षाचे काही उरत नाही, आणि पुन्हा दिलेल्या परीक्षेत गुण वाढले नाहीत तर दुसरे वर्षही संकटात येते. दुसऱ्याच्या हाती तीन वर्षांनी एक पदवी असते, जगाची थोडी ओळख झालेली असते, आणि वकिली नको असे वाटल्यास बाजूला होण्याची मोकळीकही असते. हे ज्याला उमगले त्याच्यापुरते 'घ्यावी की थांबावे' या प्रश्नाचे दोनच पर्याय राहत नाहीत. बारावीच्या मुलाला मिळालेली जागा खरोखरच नापसंत असेल, तर त्याने रिकामे वर्ष काढण्यापेक्षा पदवीचा रस्ता धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या शैक्षणिक धोरणातले पदवीचे चौथे वर्षही त्यासाठी लागत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे पात्रतेसाठी खुल्या वर्गाला पंचेचाळीस, इतर मागासवर्गीयांना बेचाळीस आणि अनुसूचित जाती-जमातींना चाळीस टक्के गुण पुरतात. तेवढे मात्र पदवीत सांभाळले पाहिजेत.

याच नियमावलीतील, म्हणजे २००८ च्या कायदेशिक्षणाच्या नियमांतील, आणखी काही कलमे घरातील प्रत्येकाने समजून घ्यावीत. पाच वर्षांचा अभ्यासक्रम मध्येच तोडून तेवढ्यापुरती वेगळी पदवी देण्यास त्यांत मनाई आहे, आणि पदवी आहे म्हणून मधल्या वर्षात प्रवेश देण्यासही मनाई आहे. तसेच दोन नियमित अभ्यासक्रम एकाच वेळी करता येत नाहीत, आणि प्रत्येक विषयाच्या तासांना सत्तर टक्के हजेरीची अट आहे. 'नाव मुंबईत घालून ठेवू, राहील पावसला, परीक्षेपुरता जाईल', ही योजना पूर्वी काही घरांतून सर्रास चालत असे. आज तिच्यावर विसंबून जो जागा घेईल त्याचा घात होण्याचा संभव मोठा आहे. जागा घ्यावयाची, ती जेथे राहून शिकता येईल तेथेच घ्यावी.

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी धडपडणाऱ्या पदवीधरांची गोष्ट निराळी. त्यांच्या गाठीला पदवी असते, आणि वयाची भीती त्यांनी बाळगण्याचे कारण नाही. बार कौन्सिलने एकेकाळी घातलेली वयोमर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्थगित केली असून राज्याच्या परीक्षेलाही वरची वयाची अट नाही. बँकेतून किंवा शाळेतून निवृत्त होऊन कायदा शिकणारे विद्यार्थी आज प्रत्येक महाविद्यालयात दिसतात. त्यामुळे नोकरी चालू असलेल्या पदवीधराने घाईने नको ती जागा पत्करण्यापेक्षा एक वर्ष नोकरीत राहून पैसा साठवणे हे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

थांबण्याचे मोठे उदाहरण आमच्याच जिल्ह्याशी नाते सांगणाऱ्या एका माणसाचे आहे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली लंडनच्या ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी दाखल झाले. परंतु बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती सरल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. परतण्यापूर्वी त्यांनी केलेली गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. चार वर्षांच्या आत येऊन शिक्षण पुरे करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून पदरात पाडून घेतली होती. पुढे १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, पगारातून काटकसरीने रक्कम शिल्लक टाकली, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज तीत मिळवले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठून १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. पुढे १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांच्याकडे आले. मूळचे रत्नागिरीचे असलेले धनंजय कीर यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र अनेक घरांत असते. जागा सोडण्याच्या विचारात असलेल्या मुलाने त्यातील ही तीन-चार वर्षे तेवढी लक्षपूर्वक वाचावीत. परतीची मुदत लेखी ठरलेली, पैशाचा मार्ग ठरलेला, आणि मधल्या काळाला काम ठरलेले, अशी ती प्रतीक्षा होती.

चिपळूण तालुक्यात १८८० साली जन्मलेले भारतरत्न पांडुरंग वामन काणे हेही सावकाशीचेच उदाहरण. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते रत्नागिरीच्या सरकारी शाळेत शिक्षक होते, आणि वकिलीला त्यांनी आरंभ केला तो १९११ मध्ये, तिशी उलटल्यावर. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड लिहिणाऱ्या या पुरुषाचे त्या शाळामास्तरकीने काही अडले नाही. याउलट टिळकांनी महाविद्यालयातले पहिले वर्ष तालमीत घालवले, हा दाखला वर्ष फुकट दवडणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असतो. त्या मुलांना मी विचारतो, की तू जोर किती काढतोस?

आता महाविद्यालयाच्या नावाविषयी. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे, पुण्याचे आय. एल. एस. १९२४ चे, त्यांची ग्रंथालये, त्यांतून बाहेर पडलेले न्यायमूर्ती, तेथील अभिरूप न्यायालयांच्या स्पर्धा, यांचा लोभ वाटणे योग्यच आहे, आणि शासकीय महाविद्यालयाचे शुल्क तर वर्षाला काही हजारांतच आटोपते. परंतु नावाचे मोल तुम्हांला पुढे कोठे उभे राहावयाचे आहे यावर अवलंबून असते. ज्याला रत्नागिरीच्या किंवा राजापूरच्या न्यायालयात वकिली करावयाची आहे, वाटपाचे दावे, कुळकायद्याची प्रकरणे, वहिवाटीचे तंटे, फेरफाराच्या नोंदींवरील अपिले चालवावयाची आहेत, त्याच्या पक्षकाराने आजवर कधी वकिलाचे महाविद्यालय विचारलेले मी ऐकलेले नाही. त्याने 'भाऊ, तुम्ही कोणाच्या हाताखाली होता?' हे विचारलेले मात्र पुष्कळदा ऐकले आहे. अशा मुलाला रत्नागिरीच्या श्रीमान भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालयात जागा मिळाली असेल, तर ती सोडून त्याने वर्षभर थांबण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. ज्या भागोजीशेठांनी १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभारले त्यांच्याच नावाचे हे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. सकाळच्या एस. टी.ने जावे, तास करावेत, दुपारी एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीत बसून दस्तऐवज वाचावेत, आणि रात्री घरी जेवायला यावे; शिक्षणाची ही सोय मुंबईत भाड्याच्या खोलीत चौघांसमवेत राहणाऱ्या विद्यार्थ्याला लाभत नाही.

या बाबतीत अलीकडे एक मोठा पालट झाला आहे, तो जुन्या हिशेबाने सल्ला देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावा. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील खंडपीठ, ज्याला कायद्याच्या भाषेत सर्किट बेंच म्हणतात, कामास लागले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, सिंधुदुर्ग यांबरोबर आपला रत्नागिरी जिल्हाही त्याच्या कक्षेत आला आहे. उच्च न्यायालयात वकिली करावयाची म्हणजे मुंबईतच शिकले पाहिजे, हा समज आमच्या पिढीत पक्का होता आणि त्याला आधारही होता. आज अपील चालवावयाचे ते आंबा घाट चढून कोल्हापूरला. कोल्हापुरातले जुने शहाजी विधी महाविद्यालय किंवा तेथील दुसरे एखादे महाविद्यालय मुंबईच्या तुलनेने खालचे म्हणून जो नाकारील, त्याने हा नकाशा एकदा समोर ठेवावा.

उलट, ज्याला मोठ्या कंपन्यांचे करारमदार लिहावयाचे आहेत, लवादाचे काम करावयाचे आहे, किंवा मुंबई-दिल्लीच्या नामांकित विधिसंस्थांत शिरावयाचे आहे, त्याच्या बाबतीत महाविद्यालयाचे नाव हेच पहिले ओळखपत्र असते, हे कबूल केले पाहिजे; या संस्था भरतीसाठी निवडक महाविद्यालयांतच जातात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे दार 'क्लॅट' या परीक्षेतून उघडते, ती डिसेंबरात होते, इंग्रजीतच होते, आणि तीत चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा होतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला ती पहिल्या प्रयत्नात अवघड जाते, ते प्रायः दीर्घ उतारे वेगाने वाचण्याची सवय नसल्यामुळे. आणि ही उणीव वर्षभराच्या नेटाने भरून निघण्याजोगी आहे. तेव्हा ध्येय हे, उणीव ही, आणि वर्षाला काही लाखांचे शुल्क देण्याची तयारी किंवा शिष्यवृत्तीची खात्री, हे तिन्ही जुळत असेल, तर अशा मुलाने थांबावे, असे मी निःसंकोच सांगतो. तिन्हींपैकी एकच जुळत असेल, तर सांगत नाही.

न्यायाधीश व्हावयाचे आहे असे म्हणणाऱ्यांनी काळाची मोजदाद अधिक काटेकोरपणे केली पाहिजे. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्यासाठी किमान तीन वर्षांची वकिली असावी, ही अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने पुन्हा लागू केली, आणि ती वर्षे सनदेच्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजली जातात. म्हणजे आज सोडलेले एक वर्ष तेथे जाऊन जसेच्या तसे उभे राहते. सनदेच्या खर्चाची धास्ती मात्र उरलेली नाही: जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य बार कौन्सिलांना कायद्यात ठरलेल्या रकमेहून, म्हणजे खुल्या वर्गाला साडेसातशे रुपयांहून आणि अनुसूचित जाती-जमातींना सव्वाशे रुपयांहून, अधिक नोंदणीशुल्क घेण्यास मनाई केली. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा तेवढी उत्तीर्ण व्हावी लागते.

पैशाचा विषय ओटीवर मोठ्याने निघत नाही, पण निर्णय बहुधा त्यानेच ठरतो. बागायतदाराच्या घरी दलालाची शेवटची पट्टी पावसाळ्याच्या तोंडी येते, तीतून सोसायटीचे कर्ज फिटते, श्रावणाच्या सुमारास कलमांना कल्टार घालण्याचा खर्च उभा राहतो, मग चाकरमानी आणि गणपती. आणि प्रवेशाच्या फेऱ्या लांबत लांबत नेमक्या या सुमारास शुल्क मागतात. हाती पैसा नाही म्हणून जागा सोडण्याचा विचार करणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या जागेवर शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय शासनाने २०२४-२५ पासून अमलात आणला. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क-शिष्यवृत्ती आहे. परंतु संस्थेच्या पातळीवर, व्यवस्थापनाच्या कोट्यातून, ओळखीने मिळवलेल्या जागेला ही सवलत लागू होत नाही. ही गोष्ट शुल्क भरून झाल्यावर कळलेली घरे मला ठाऊक आहेत.

न्यू जर्सीत असलेला आतेभाऊ फोनवरून 'थांब, पुन्हा अर्ज कर' असे सांगतो, त्याच्या सल्ल्याविषयी दोन शब्द. अमेरिकेत कायदा हा पदवीनंतरचाच, तीन वर्षांचा आणि अतिशय महाग अभ्यासक्रम आहे. तेथे 'एलसॅट' या परीक्षेचे गुण थोडे वाढले तरी शिष्यवृत्तीची रक्कम पालटते, आणि मधली दोन-तीन वर्षे नोकरी केलेला उमेदवार तेथील विधी महाविद्यालयांना आवडतो. तेथे थांबणे हा चोख व्यवहार असतो. तो सल्ला तेथल्या मुलाला द्यावा.

मिळालेली जागा घेऊन पुन्हा प्रयत्न करणे, हा आणखी एक मार्ग आहे, आणि मला तो पुष्कळांसाठी सोयीचा वाटतो. जागा स्वीकारावी, वर्ग मन लावून करावेत, आणि डिसेंबरची क्लॅट किंवा पुढील उन्हाळ्याची राज्य परीक्षा द्यावी. अधिक चांगली जागा मिळाली तर पहिली रद्द करावी, न मिळाली तर एक वर्ष पुढे गेलेलेच आहे. याची किंमत म्हणजे एका वर्षाचे शुल्क, कारण नव्या ठिकाणी पुन्हा पहिल्या वर्षापासूनच बसावे लागते. 'पहिले वर्ष येथे करू, दुसऱ्याला मुंबईत बदली घेऊ' असे आश्वासन कोणी देत असेल, तर ते दोन्ही महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठाच्या मर्जीवर अवलंबून असते, हे विसरू नये. पसंतीक्रमाचा अर्ज भरतानाही याच धोरणाने भरावा. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की पुढील फेऱ्यांचा मार्ग बहुधा आपोआप बंद होतो. म्हणून जेथे खरोखर जायचे आहे तेच नाव पहिले लिहावे, आणि जेथे मुळीच जायचे नाही ते नाव, यादी लांब दिसावी म्हणून, लिहूच नये.

मुलींच्या बाबतीत माझा सल्ला थोडा निराळा असतो, आणि तो का निराळा आहे हे सांगितलेच पाहिजे. घरी बसलेल्या मुलाचे वर्ष हे अभ्यासाचे वर्ष समजले जाते. घरी बसलेल्या मुलीचे वर्ष, घरातली माणसे कितीही सुशिक्षित असली तरी, तुळशीचे लग्न झाले की स्थळांचे वर्ष होऊ लागते. आत्या पत्रिका मागते, मुंबईचा मामा एक चांगला मुलगा सुचवतो, आणि परीक्षेचा अर्ज भरायचा राहून जातो. म्हणून मुलीला मिळालेली जागा अगदीच गैरसोयीची नसेल तर ती घ्यावी, असे मी सांगतो. आणि थांबायचे ठरलेच, तर पुढील परीक्षा होईपर्यंत घरात लग्नाचा विषय निघणार नाही, असे आईवडिलांकडून माझ्यासमक्ष वदवून घेतो. या अटीवर एक गृहस्थ माझ्यावर रागावून उठून गेले. त्यांची मुलगी मात्र बसून राहिली, आणि तिने मला क्लॅटच्या अर्जाची मुदत विचारली.

थांबणाऱ्याने वर्ष कसे काढावे, याविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही, कारण जो खऱ्या कारणासाठी थांबला आहे त्याला आपले काम ठाऊक असते. तरी दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आठवड्यातून एक दिवस जिल्हा न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसावे. न्यायालये सर्वांना खुली असतात, आणि उलटतपासणी चाललेली असताना तासभर ऐकल्याने हा धंदा आपल्याला मानवेल की नाही, हे जितके कळते तितके कोणत्याही शिकवणीत कळत नाही. पुष्कळांचा निर्णय तेथे बसूनच फिरतो, आणि तसा फिरला तर वर्ष सत्कारणी लागले असे मी समजतो. दुसरी गोष्ट दाखल्यांची. अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रीमीलेअर, जातवैधता, हे कागद तहसील कचेरीतून आणि पडताळणी समितीकडून मिळायला लागणारा काळ कोणाच्या हुशारीने कमी होत नाही. जातवैधतेचा अर्ज तर थांबायचे ठरल्याच्या आठवड्यातच द्यावा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपत असते, तेव्हा जुना दाखला कपाटात आहे म्हणून निश्चिंत राहू नये. शिक्षणात पडलेल्या खंडाविषयी प्रतिज्ञापत्र लागेल, तेही वेळेवर करून ठेवावे.

आणि जागा सोडायचीच असे ठरले, तर ती नुसती न गेल्याने सुटते, असे समजून घरी बसू नये. शुल्क आणि मूळ दाखले जमा झालेले असतील, तर प्रवेश रद्द करण्याचा अर्ज त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या अंतिम तारखेच्या आत करावा लागतो. त्या मुदतीत केला तर अल्प रक्कम वजा होऊन शुल्क परत मिळते, आणि मुदत टळली तर परताव्याचा हक्क जातो. अर्जाची पोच तारीख-शिक्क्यासह घ्यावी, शाळा सोडल्याचा मूळ दाखला हाती आल्याखेरीज महाविद्यालयाच्या कचेरीतून हलू नये, आणि हे सारे शेवटच्या दिवसावर ठेवू नये. त्या दिवशी संकेतस्थळ मंदावते, पावसात आमच्याकडची वीज जाते, आणि कारकून नेमका रजेवर असतो.